मुले पुस्तक हातात घेतात, पण वाचत नाहीत

वाचक शिक्षिकेचे पत्र: मालवण तालुक्यातील खाडीकाठच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून १४ मुले आहेत. जूनपासून रोज शेवटच्या तासिकेला मी अर्धा तास मूकवाचन सुरू केले आहे. तीन-चार मुली मनापासून वाचतात. बाकीची मुले चित्रे बघतात, सतत पुस्तक बदलतात किंवा एकमेकांच्या खोड्या काढतात. वाचलेल्या गोष्टीचा सारांश वहीत लिहायला सांगितला की सगळ्यांचे चेहरे उतरतात. जास्त पुस्तके वाचणाऱ्याच्या नावापुढे तारा लावते, तर मुले सर्वांत पातळ पुस्तके शोधतात. तिसरीतला एक मुलगा जोडाक्षरांना अडतो आणि तो अर्धा तास नुसती पाने उलटत बसतो. हरवल्यास जबाबदारी कोणाची, या काळजीने मुख्याध्यापक पुस्तके कपाटात ठेवायला सांगतात. पालक म्हणतात, आधी धडे पाठ करून घ्या, गोष्टी काय सुट्टीत वाचतील. मुलांना आपणहून वाचण्याची सवय लागावी म्हणून मी आणखी काय करावे?

बाई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुरू केलेला उपक्रम बंद करू नका, हे सर्वांत आधी सांगते. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता सांभाळून, माहिती भरण्याची आणि पोषण आहाराची कामे उरकून, रोज अर्धा तास केवळ वाचनासाठी राखून ठेवणे सोपे नाही. ते तुम्ही जूनपासून करत आहात. मात्र त्या अर्ध्या तासात जे घडते, त्यात बदल करावा लागेल. मूल स्वतःचे पुस्तक स्वतः निवडून शांतपणे वाचत बसते, ही वाचनाच्या वाटेवरची बरीच पुढची पायरी आहे. ज्या तीन-चार मुली मनापासून वाचतात, त्यांना आधीच्या पायऱ्या बहुधा घरी कोणीतरी, एखाद्या थोरल्या बहिणीने किंवा आईने, चढवून दिलेल्या असतात. उरलेल्या मुलांना त्या पायऱ्या शाळेतच मिळायला हव्यात, कारण त्यांच्यासाठी दुसरी जागा नाही.

अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली वाचनशिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेतला होता. शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली मुलाने मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा वाचल्यास वाचनाचा ओघ सुधारतो, असे त्यात स्पष्टपणे दिसले. पण शिक्षकाचा फारसा सहभाग नसलेल्या मूकवाचनाने वाचन सुधारते असे म्हणण्याइतका पुरावा त्या पॅनेलला मिळाला नाही. यावरून स्वतंत्र वाचन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तुम्ही त्या वेळात मुलांमध्ये कशा वावरता आणि त्याआधी काय करता यावर बरेच काही अवलंबून आहे, एवढा बोध मात्र त्यातून जरूर घ्यावा.

त्याआधी करायची गोष्ट म्हणजे तुम्ही रोज वर्गाला पुस्तक वाचून दाखवणे. मी पाठ्यपुस्तकातील धड्याच्या प्रकटवाचनाबद्दल बोलत नाही. मुलांना स्वतःला जेवढे वाचता येते त्याहून किंचित अवघड असे एक गोष्टीचे पुस्तक घ्यावे, आदल्या दिवशी ते स्वतः एकदा वाचून ठेवावे आणि रोज १० मिनिटे, मुलांना जवळ बसवून, चित्र सर्वांना दिसेल असे धरून सावकाश वाचावे. मध्येच थांबून ‘यावरून काय शिकलात?’ असे विचारू नये. अवघड शब्द आलाच तर दोन शब्दांत अर्थ सांगून पुढे जावे, कारण गोष्ट तुटली की मुलांचे कान तुटतात. ज्या ठिकाणी पुढे काय होणार याची उत्सुकता ताणली जाते, तिथे पुस्तक मिटून उरलेले उद्यासाठी ठेवावे. संपलेले पुस्तक कपाटात परत जाऊ देऊ नये. ते मुलांच्या हाताला येईल अशा जागी, मुखपृष्ठ समोर करून ठेवावे. तुमच्या आवाजात ऐकलेले पुस्तक मुले सर्वांत आधी उचलतात, आणि ज्यांचे वाचन कच्चे आहे त्यांच्यासाठी तर हाच मोठा आधार असतो, कारण त्यातली वाक्ये त्यांच्या कानांत आधीच बसलेली असतात. ओळीवर बोट ठेवून वाचताना पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज त्यांना येतो, अक्षरांवरून तो ताडून पाहता येतो, आणि आपण वाचू शकतो हा अनुभव मिळतो. तेच पुस्तक मुलांनी पुन्हा वाचून दाखवा म्हटले तर आनंदाने वाचावे. दुसऱ्यांदा ऐकताना मुले गोष्टीकडे कमी आणि भाषेकडे अधिक लक्ष देतात.

आता मूकवाचनाच्या वेळेविषयी. सवय नसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला अर्धा तास फार होतो. पाच मिनिटांनी सुरुवात करावी, मुले चुळबुळ करू लागण्याआधीच थांबवावे, आणि वर्ग स्थिरावला की एक-दोन मिनिटे वाढवावीत. तिसरी-चौथीसाठी १५ ते २० मिनिटांचे शांत, एकाग्र वाचन पुरेसे आहे. तासिकाही बदलून पाहावी. पावसाळ्यात शेवटच्या तासिकेला मुलांचे अर्धे लक्ष भरून आलेल्या आभाळाकडे आणि घरच्या वाटेवरच्या व्हाळाला (ओढ्याला) किती पाणी चढले असेल याकडे असते. परिपाठ संपल्यावर लगेच किंवा दुपारच्या जेवणानंतर ही वेळ ठेवल्यास मुले अधिक स्वस्थ असतात.

सतत पुस्तक बदलणे बहुतेक वेळा निवड चुकल्याचे लक्षण असते, त्यामुळे त्यावर रागावून उपयोग होत नाही. निवडीला वेगळा वेळ द्यावा. आठवड्याच्या आरंभी प्रत्येक मुलाने आपली तीन पुस्तके निवडून एका कापडी पिशवीत ठेवावीत आणि वाचनाच्या वेळी त्यांतूनच वाचावे, असा नियम केला की उठबस थांबते. निवडताना पाच बोटांची युक्ती शिकवावी: पुस्तकातले मधलेच एक पान उघडून वाचायचे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचे, पाचही बोटे दुमडली गेली तर ते पुस्तक सध्या अवघड आहे असे समजायचे. मात्र ज्या पानावर जेमतेम १५-२० शब्द असतात, तिथे दोन-तीन बोटांतच थांबावे. अर्थात मुलाला एखादे अवघड पुस्तक हवेच असेल, त्यात होड्यांची किंवा सापांची चित्रे आहेत म्हणून ते त्याला सोडवत नसेल, तर खुशाल घेऊ द्यावे आणि सोबत एक सोपे पुस्तक द्यावे. चित्रे बघत पान न् पान उलटणारे मूल वेळ फुकट घालवते असे मानू नये. चित्रांवरून गोष्ट जुळवणे हीही वाचनाचीच तयारी आहे. पुस्तकांमध्ये वैविध्यही हवे. नीतिकथांच्या पलीकडे कोडी, प्राणी-पक्ष्यांची माहिती, क्रिकेट, प्रयोग, नकाशे असेही काही असावे, कारण ज्या मुलग्यांना वाचनाची आवड नाही असे आपण म्हणतो, त्यांतल्या अनेकांना केवळ राजा-राणीच्या गोष्टींची आवड नसते.

मुले वाचत असताना तुम्ही काय करावे, हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. त्या वेळी वह्या तपासू नयेत आणि ऑनलाइन माहिती भरू नये, कितीही निकड असली तरी. रोज दोन मुलांच्या शेजारी, त्यांच्याच बसकरावर बसून तीन-चार मिनिटे हलक्या आवाजात बोलावे. १४ मुलांपैकी प्रत्येकाची पाळी सात दिवसांत येते. ‘हे पुस्तक का घेतलंस?’, ‘तुला आवडलेला भाग मला वाचून दाखवतोस?’, ‘आता पुढे काय होईल?’ एवढे प्रश्न पुरतात. समजा, मुलगी वाचते आहे, ‘म्हातारीने टोपलीत भोपळा ठेवला आणि ती...’, आणि पुढच्या ‘निश्चिंत’ या शब्दावर अडते. लगेच शब्द सांगू नका. मनातल्या मनात पाच अंक मोजा. पुष्कळदा ती ‘नि’ आणि ‘चिंत’ वेगळे वाचून मधला श नंतर जोडते किंवा वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊन मागे येते आणि शब्द तिचा तिलाच सुटतो. नाहीच सुटला तर सांगून टाका आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावा, म्हणजे अर्थ तुटत नाही. नंतर तुमच्या वहीत तिच्या नावापुढे एकच ओळ लिहा: कोणते पुस्तक, कुठे अडली, पुढच्या वेळी काय द्यायचे. या ओळी आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींसाठीही उपयोगी पडतील, त्यामुळे वेगळे लिखाण वाढणार नाही.

सारांश लिहिणे आणि तारे, दोन्ही बंद करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक वाचनाच्या शेवटी लेखनाचा कर भरावा लागत असेल तर मूल वाचन टाळायला शिकते. सारांशलेखन हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते भाषेच्या तासिकेला, सर्वांनी वाचलेल्या एकाच गोष्टीवर शिकवावे. तारे लावल्यामुळे पातळ पुस्तके शोधली जातात हे तुम्ही स्वतःच पाहिले आहे, आणि मुलांचे त्यात काही चुकत नाही, कारण आपण संख्या मोजली म्हणून त्यांनी संख्या वाढवली. त्याऐवजी परिपाठात रोज एका मुलाने, त्याची इच्छा असेल तरच, दोन मिनिटे आपल्या पुस्तकाबद्दल सांगावे आणि शेवट मात्र सांगू नये. मित्राने सांगितलेले पुस्तक मिळवण्यासाठी मुले रांग लावतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन अवश्य साजरा करावा, पण त्या दिवसाची तयारी म्हणून रोजचे वाचन बाजूला पडू नये.

तुमच्या पत्रात नसलेली, पण मालवण तालुक्यातील शाळेत टाळता न येणारी एक बाब मांडते. तुमची बहुतेक मुले घरी मालवणी बोलत असणार आणि पुस्तके प्रमाण मराठीत आहेत. हे अंतर फार मोठे नसले तरी वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलाला ते जाणवते, विशेषतः क्रियापदांच्या रूपांमध्ये. यासाठी मुलांच्याच बोलण्यातून वर्गाची पुस्तके तयार करावीत. किनाऱ्यावर रापण (सर्वांनी मिळून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढली गेली की दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा विषय नसतो. तेव्हा एखाद्या मुलीला सांगू द्यावे आणि ती जसे बोलेल तसेच मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवावे. ती म्हणाली, ‘काल रापणीक बांगडो गावलो. आज्यान माका एक बांगडो दिल्यान,’ तर तेच लिहावे, दुरुस्त करू नये. ती ते वाक्य न अडखळता वाचेल, कारण ते तिचेच आहे. चित्र तिला काढू द्यावे. दुसऱ्या दिवशी समोरच्या पानावर सर्वांनी मिळून तोच मजकूर प्रमाण मराठीत लिहावा: ‘काल रापणीत बांगडा सापडला. आजोबांनी मला एक बांगडा दिला.’ मुले दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचतात आणि कुठे काय बदलले हे स्वतः शोधतात. रापण, भातलावणी, दशावतार, काजूची बी, शेजारच्या काकांची होडी, अशा विषयांची आठ-दहा पानी पुस्तके दोऱ्याने शिवून वर्गात ठेवली की वर्षाअखेरीस तुमच्याकडे असा संग्रह होईल, जो कुठल्याच प्रकाशकाकडे मिळणार नाही.

जोडाक्षरांना अडणाऱ्या मुलाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याला केवळ पुस्तकांच्या सहवासाने वाचता येईल अशी आशा धरणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. त्याला नेमके काय येत नाही हे आधी तपासावे. काना, मात्रा, वेलांटी, उकार पक्के आहेत का? ‘पत्ता’, ‘बिल्ला’ यांसारखी एकाच अक्षराच्या द्वित्ताची जोडाक्षरे येतात आणि ‘पुस्तक’, ‘रस्ता’ येथे अडतो का? की ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘सुऱ्या’ यांतील रकाराची निरनिराळी रूपे त्याला गोंधळात टाकतात? जिथे अडते तेवढेच रोज १० मिनिटे, मूकवाचनाच्या वेळेबाहेर, थेट शिकवावे आणि त्या जोडाक्षरांचे शब्द असलेली चार-पाच ओळींची मजकूरपट्टी त्याच्याकडून सलग काही दिवस वाचून घ्यावी, ओघ येईपर्यंत. मूकवाचनाच्या वेळी मात्र त्याच्या हातात तुम्ही वाचून दाखवलेले पुस्तक, वर्गाने बनवलेले पुस्तक किंवा शब्द नसलेले चित्रपुस्तक असावे, म्हणजे त्या वेळेत तोही इतरांसारखाच वाचक असेल. आठवड्यातून दोनदा त्याला पहिलीच्या मुलांना एक सोपे पुस्तक वाचून दाखवायला पाठवावे. त्यासाठी तो ते आधी चार वेळा वाचेल, आणि एरवी तिसरीच्या मुलाला ‘बालिश’ वाटणारे पुस्तक हातात घेण्यात त्याला कमीपणाही वाटणार नाही.

कपाटाच्या कुलपाबद्दल मुख्याध्यापकांशी अदबीने, पण ठामपणे बोलावे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे अपेक्षित आहे, आणि ती पुस्तके मुलांसाठी आहेत. जबाबदारीची त्यांची काळजी खोटी नाही. म्हणून चौथीच्या दोन मुलांकडे देवघेव नोंदवही सोपवावी, आणि वापरून फाटलेल्या पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करता येते, म्हणजे ती नोंदीतून कमी करता येतात, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात घ्यावे. आपल्या हवेत बंद कपाटातही पुस्तके सुरक्षित राहत नाहीत. जांभ्याच्या ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी आणि वाळवी वाचकांपेक्षा अधिक पाने खातात. पुस्तके भिंतीपासून वीतभर दूर, दोरीवर किंवा उघड्या मांडणीवर ठेवावीत, जून ते सप्टेंबर झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून रात्री आत घ्यावीत, आणि ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत एकदा सगळी सावलीत पसरून वारा द्यावा.

नवी पुस्तके हवी असल्यास समग्र शिक्षा योजनेच्या ग्रंथालय अनुदानाची चौकशी करावी आणि यादी तयार होताना मुलांना विचारावे. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतील चित्रगोष्टी चार पातळ्यांमध्ये विनामूल्य मिळतात आणि त्या छापून घेण्याची मुभा आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर वाचता येतात. कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे, रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे, आणि तुमच्या पंचक्रोशीतही एखादे अनुदानित ग्रंथालय असेलच. त्याच्या बालविभागातील २०-२५ पुस्तके दर महिन्याला शाळेच्या नावावर मिळतील का, हे ग्रंथपालांना जाऊन विचारावे.

पालकांना उत्तर देताना ‘वाचनाने संस्कार होतात’ असे मोघम बोलू नये. पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस मुलाने वयाला साजेसा अपरिचित मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, समजून वाचावा, असे त्याचे लक्ष्य आहे. त्यातल्या ‘अपरिचित’ या शब्दाकडे पालकांचे लक्ष वेधावे. धडा पाठ असलेले मूल तो धडा घडाघडा म्हणते आणि शेजारचे नवे पान वाचताना थांबते. पालक सभेत दोन्ही गोष्टी एकामागोमाग दाखवल्यास वेगळे सांगावे लागणार नाही, मात्र त्यासाठी कोणत्याही एका मुलाला सर्वांसमोर कमी दाखवू नये. घरी ‘वाच, वाच’ म्हणण्याऐवजी संध्याकाळी १० मिनिटे मुलाचे वाचन ऐकावे, एवढीच विनंती करावी. आई-वडील कामात असतील तर पडवीत बसलेली आजी ऐकेल. तिला स्वतःला वाचता येत नसले तरी काही बिघडत नाही, उलट मुलाला तिला गोष्ट समजावून सांगावी लागते.

गणपतीची सुट्टी जवळ येत आहे. सुट्टी लागण्याच्या दिवशी प्रत्येक मुलाला त्याने निवडलेली दोन पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी द्यावीत आणि सोबत कोणताही गृहपाठ देऊ नये. मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा घरे माणसांनी भरलेली असतात. आपल्या मुलांनी वाचून झालेली मराठी पुस्तके येताना आणावीत, असा निरोप गावाच्या मुंबईतील मंडळाकडे आजच पाठवावा, म्हणजे सामान बांधण्यापूर्वी तो त्यांच्यापर्यंत पोहोचेल.